बालेकिल्ल्याचे मागचे दार

निवडणुकीचा निकाल सर्वांत आधी कळतो तो जाळीला नाक लावून बसलेल्या मोजणी प्रतिनिधीला. त्याच्या हातात कागद असतो आणि बोटभर उरलेली पेन्सिल. कागदावर तीन रकाने: बूथचा क्रमांक, आपला अंदाज, प्रत्यक्षात पडलेली मते. 2 मार्च 2023 रोजी कोरेगाव पार्कातल्या अन्न महामंडळाच्या गोदामात कसबा पेठ पोटनिवडणुकीची मोजणी चालू होती. माझ्या जुन्या ओळखीचा एक कार्यकर्ता असाच कागद घेऊन बसला होता. त्याचे सगळे आयुष्य शनिवार पेठेत गेले, सगळ्या निवडणुका एकाच चिन्हामागे गेल्या. पेठांमधल्या पेट्या उघडू लागल्या तसा तो तिसरा रकाना भराभर भरत गेला. मग हात मंदावला. मग त्याने कागदाची नीट चौघडी केली, खिशात ठेवली आणि पाण्याची बाटली उघडली. त्याच वेळी बाहेर एका वाहिनीचा निवेदक सांगत होता की सदाशिव, नारायण, शनिवारची मते अजून बाकी आहेत, चित्र पालटू शकते.

त्या दिवशी काँग्रेसचे रवींद्र धंगेकर जवळपास 11 हजार मतांनी जिंकले, भाजपचे हेमंत रासने हरले आणि भाजपचा 28 वर्षांचा बालेकिल्ला पडला. ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. मला सांगायची आहे ती या किल्ल्याच्या मागच्या दाराची. ते दार फार जुने आहे, आणि 2023 मध्ये ते पहिल्यांदा उघडले नव्हते.

जुने कार्यकर्ते कसब्याचा हिशेब 1995 पासून मांडत नाहीत. ते डॉ. अरविंद लेल्यांपासून सुरू करतात. लेले 1978 मध्ये जनता पक्षाकडून आणि 1980 मध्ये नव्या भाजपकडून निवडून आले. 1985 मध्ये काँग्रेसच्या उल्हास काळोखे यांनी जागा घेतली. 1990 मध्ये अण्णा जोशींनी ती परत आणली. पुढच्याच वर्षी अण्णांनी पुणे लोकसभेत विठ्ठलराव गाडगीळ यांचा पराभव केला. पुण्यातल्या भाजपसाठी तो दिवाळीसारखा दिवस होता. पण अण्णा दिल्लीला गेले आणि कसबा रिकामा झाला. पोटनिवडणूक लागली. खासदारकी जिंकल्याचा गुलाल अजून कपड्यांवर होता, उमेदवार तरुण आणि धडपडा होता, जागा हक्काची होती. जिंकले मात्र काँग्रेसचे वसंत थोरात. हरलेल्या त्या तरुण उमेदवाराचे नाव गिरीश बापट.

म्हणूनच 2023 मध्ये सगळे 'अभूतपूर्व' हा शब्द वापरत होते तेव्हा मंडईतले दोन-तीन म्हातारे माना डोलवत बसले होते. पोटनिवडणुकीत कसबा वेगळा वागतो, हे त्यांनी आधी एकदा पाहिले होते. त्यांना विचारायला कोणी गेले नाही, एवढेच.

बापट त्या पराभवातून काय शिकले, हे त्यांच्या पुढच्या पंचवीस वर्षांत दिसते. मूळचे ते टेल्कोतले कामगार. आणीबाणीत तुरुंगवास भोगलेले, 1983 पासून महापालिकेत नगरसेवक. 1995 ला आमदार झाले ते 2014 पर्यंतच्या पाचही निवडणुका जिंकले. लोक म्हणायचे, पक्षाचा मतदारसंघ आहे. मी त्या काळात पेठांतून पुष्कळ हिंडलो आहे. माझे मत असे की तो भाऊंचा, म्हणजे बापटांचा, मतदारसंघ होता, पक्ष भाऊंसोबत यायचा. बारसे, दहावे, गणपतीची आरती, दवाखान्यातली खाट, शाळेतला प्रवेश, सगळीकडे माणूस हजर. राष्ट्रवादीचे अंकुश काकडे आणि शांतिलाल सुरतवाला यांच्याशी त्यांची मैत्री सगळ्या पुण्याला माहीत होती. दिवसभर एकमेकांच्या पक्षावर तुटून पडायचे आणि रात्री एकाच कट्ट्यावर बसायचे. बाहेरगावचे पत्रकार याला 'सेटिंग' म्हणत. पेठेत याला शेजार म्हणतात. एका वाड्यात दोन पक्षांची बिऱ्हाडे असली तरी नळ एकच असतो.

पण पुण्याने बापटांना दिल्लीचे तिकीट सहजी दिले नाही. 1996 ला ते लोकसभेला उभे राहिले आणि सुरेश कलमाडींकडून हरले. पुढची संधी यायला 2019 उजाडले. त्या वेळी ते तीन लाखांहून अधिक मतांनी जिंकले. कसब्याच्या आमदाराला शनिवारवाड्यावरून संसदेत पोहोचायला 23 वर्षे लागली.

आता थोडे नकाशाबद्दल, कारण खरी गंमत तिथे आहे. 2008 च्या पुनर्रचनेत भवानी पेठ हा स्वतंत्र मतदारसंघ उरला नाही आणि कसब्याचा चेहरा पूर्वेकडे वळला. पश्चिमेच्या सदाशिव-नारायण पेठांच्या जोडीला पूर्वेच्या पेठा आल्या: व्यापाऱ्यांच्या, कारागिरांच्या, अठरापगड वस्तीच्या. लक्ष्मी रस्त्याच्या एका टोकाला एक कसबा, दुसऱ्या टोकाला दुसरा. बाहेरून येणारे नेते मात्र पुढची पंधरा वर्षे पहिल्याच कसब्याबद्दल बोलत राहिले.

2009 ची लढत म्हणजे या नव्या नकाशाची पहिली परीक्षा. भाजपकडून बापट, काँग्रेसकडून रोहित टिळक, आणि मनसेकडून रवींद्र धंगेकर नावाचा दुचाकीवरून गल्लीबोळ पालथे घालणारा नगरसेवक. राज ठाकरे यांच्या नव्या पक्षाची हवा होती. धंगेकरांनी बापटांना असा घाम फोडला की जेमतेम आठ हजारांच्या आसपास मतांनी जागा वाचली. विरोधी मते दोन वाटांनी गेली म्हणून भाऊ तरले, हे त्या रात्री दोन्ही बाजूंच्या कार्यकर्त्यांना समजले होते. एका बाजूने सुटकेचा नि:श्वास टाकला आणि विषय संपवला. दुसऱ्या बाजूच्या माणसाने तो आकडा डोक्यात ठेवला.

2014 ला सगळेच पक्ष वेगवेगळे लढले. बापटांचे मताधिक्य 40 हजारांपलीकडे गेले, रोहित टिळक दुसरे, मनसेचे धंगेकर तिसरे. धंगेकर संपले, असे तेव्हा अनेकांनी लिहिले. तीनच वर्षांनी महापालिकेची निवडणूक आली. भाजपची लाट अशी की पुणे महापालिका पहिल्यांदाच पक्षाच्या हाती आली आणि मुक्ता टिळक महापौर झाल्या. त्या विजयाच्या रात्री भाजपच्या कार्यालयात एकच चेहरा उतरलेला होता. पक्षाचे महापालिकेतले गटनेते गणेश बिडकर स्वतः हरले होते. त्यांना हरवणारा काँग्रेसच्या पाठिंब्यावर लढलेला धंगेकर.

मुक्ताताईंविषयी लिहिताना माझा हात जड होतो. टिळकांच्या घराण्याची सून, पण आडनावाचा तोरा मिरवताना त्यांना मी पाहिले नाही. 2019 ला बापट खासदार झाल्यावर त्या कसब्यातून आमदार झाल्या, काँग्रेसच्या अरविंद शिंदे यांना 28 हजारांवर मतांनी हरवून. मग आजाराने गाठले. जून 2022 मध्ये राज्यसभेची निवडणूक आली तेव्हा एकेक मत मोलाचे होते. त्या पुण्याहून रुग्णवाहिकेने मुंबईला गेल्या. चिंचवडचे लक्ष्मण जगतापही तसेच गेले. दहा दिवसांनी विधान परिषदेसाठी दोघांनी पुन्हा तोच प्रवास केला. त्या वेळी दोघांच्या मतदानाच्या पद्धतीवर काँग्रेसने हरकत घेतली, मोजणी लांबली, हरकत फेटाळली गेली. भाजपने विजयाचे पेढे वाटले. त्याच रात्री एकनाथ शिंदे यांच्याबरोबरचे आमदार सुरतेच्या रस्त्याला लागले आणि काही दिवसांत सरकार पडले. ते मत देण्यासाठी अंथरुणातून उठलेल्या मुक्ताताई 22 डिसेंबरला गेल्या. जगताप त्यांच्यापाठोपाठ 3 जानेवारीला.

दोन आमदार, दोन रुग्णवाहिका, दोन पोटनिवडणुका एकाच दिवशी. चिंचवडमध्ये भाजपने जगतापांच्या पत्नीला, अश्विनीताईंना उमेदवारी दिली. कसब्यात टिळकांच्या घरी दिली नाही. मुक्ताताईंचे पती शैलेश टिळक यांनी नाराजी लपवली नाही. मग पक्षाचे नेते टिळकांच्या केसरीवाड्यावर जाऊन आले. प्रदेशाध्यक्ष चंद्रशेखर बावनकुळे यांनी महाविकास आघाडीपुढे प्रस्ताव ठेवला की निवडणूक बिनविरोध करा, आम्ही टिळकांच्या घरात उमेदवारी देतो. पेठेत या विधानाचा अर्थ लोकांनी वेगळाच लावला: म्हणजे लढायचे असेल तर टिळक नकोत, आणि लढायचे नसेल तर चालतील. नेत्याचा हेतू तो नसेलही. पण वाक्य एकदा पेठेत शिरले की परत बोलावता येत नाही.

त्याच आठवड्यात एक फलक लागला. कोथरूडमध्ये मेधा कुलकर्णींचे तिकीट गेले, आता टिळकांचे गेले, पुढचा क्रमांक बापटांचा का, असा सवाल त्यावर होता. खाली नाव नव्हते, एका जागरूक मतदाराची सही होती. भाजपचे अर्धे कार्यकर्ते तो फलक कोणी लावला हे शोधण्यात गुंतले आणि उरलेले अर्धे तो खोडून काढण्यात. मी एका जाणत्याला विचारले, काय वाटते? तो म्हणाला, "फलक लावणारा सापडेल हो. पण फलक वाचून मान हलवणारे किती, ते कुठं शोधायचं?"

मग हिंदू महासंघाचे आनंद दवे रिंगणात उतरले. नाराज ब्राह्मण मते तिकडे वळतील, अशी चर्चा वाढली. मोजणीत त्यांना तीनशे मतेही मिळाली नाहीत. ब्राह्मण मतदाराने जातीचा उमेदवार शोधला नाही. काही घरी बसले, काहींनी नेहमीप्रमाणे कमळ दाबले, आणि काहींनी आयुष्यात पहिल्यांदा पंजा. तिसऱ्या प्रकारचे दोघे मला स्वतः भेटले. मतदान करून आल्यावर आपण काही चोरून आलो आहोत, असा चेहरा होता दोघांचा.  

बंडखोरीची भीती भाजपला जेवढी होती तेवढीच काँग्रेसला. बाळासाहेब दाभेकर यांनी बंडाचा अर्ज भरला, आणि माघारीच्या मुदतीआधी मागे घेतला. बाहेर बातमी दोन ओळींची. आत काय चालते ते मी अनेक निवडणुकांत पाहिले आहे: माघारीच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तालुकाभर फोन, मेहुण्याला फोन, मंडळाच्या अध्यक्षाला फोन, शेवटी घरच्या आजीला फोन. एका निवडणुकीत (कसब्यातली नव्हे) एका अपक्षाची माघार अशी ठरली की सही करायला माणूस तयार आणि पेन सापडेना. सूचकाच्या खिशातला पेन उघडेपर्यंत घड्याळात तीनला दोन मिनिटे कमी होती. पुण्यात त्या वेळी काँग्रेसने बंड शमवले, हा त्या विजयाचा अर्धा पाया. 2009 चा आकडा ज्याच्या डोक्यात होता, त्याला या वेळी समोर एकच वाट हवी होती.

भाजपचे चंद्रकांत पाटील यांनी प्रचारात धंगेकरांना उद्देशून इंग्रजीत विचारले, हू इज धंगेकर? सदाशिव पेठेत हा प्रश्न विचारला असता तर कदाचित खपला असता. पण तो विचारला गेला त्या कसब्यात जिथे रात्री अकराला ड्रेनेज तुंबले तर कोणाचा नंबर फिरवायचा, हे पोरांना पाठ होते. निकालानंतर 'धिस इज धंगेकर' असे फलक लागले. तीन शब्दांचा प्रश्न विरोधकांनी फुकटात मिळालेली घोषणा म्हणून वापरला.

आणि मग केसरीवाडा, 16 फेब्रुवारी. बापट आजारी होते आणि प्रचारात येणार नाहीत असे ठरलेलेच होते. तरी त्या संध्याकाळी ते चाकांच्या खुर्चीवरून आले, नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली. आवाज क्षीण, वाक्ये तुटक. सभागृहात असलेल्या माणसांना मी नंतर भेटलो. प्रत्येकाने डोळे पुसल्याचे सांगितले. विरोधकांनी टीका केली की आजारी माणसाला प्रचारात ओढले. पक्षवाले म्हणाले, भाऊंचीच इच्छा होती. मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. ज्या माणसाला एका पोटनिवडणुकीने हरवून राजकारण शिकवले, तो दुसऱ्या पोटनिवडणुकीला घरी बसू शकत नव्हता. पण त्या छायाचित्राने मते वाढली नाहीत. पेठेतल्या बायकांनी ते पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, यांना घरी तरी राहू द्यायचं."

मतदानाच्या आदल्या दिवशी धंगेकर कसबा गणपतीसमोर उपोषणाला बसले. आरोप पैसेवाटपाचा. भाजपने आरोप फेटाळला आणि आचारसंहिता भंगाची तक्रार केली. जाहीर प्रचार संपल्यावर उमेदवाराने शांत बसायचे असते. इथे ग्रामदैवतापुढचे शांत बसणेच दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर चालले.

मतदानाची तारीख आधी 27 फेब्रुवारी होती. बारावी आणि पदवीच्या परीक्षांमुळे ती एक दिवस अलीकडे, रविवारी आणली. या एका दिवसाने पडद्यामागे केवढी धावपळ झाली! कसब्यातले वाडे पडले, तिथे इमारती उठल्या, भाडेकरू सिंहगड रस्त्याला, कोथरूडला, धायरीला गेले. नावे मात्र याद्यांत राहिली. पक्षांकडे अशा 'बाहेर गेलेल्यांच्या' वह्या असतात: कोण कुठे, आणायला रिक्षा लागेल की मुलगा घेऊन येईल. सोमवारचे सगळे नियोजन रविवारवर आणायचे म्हणजे वह्या नव्याने लिहायच्या. सुट्टीचा दिवस म्हणून लोक येतील, असे एक पक्ष म्हणाला. सुट्टीचा दिवस म्हणून लोक बाहेरगावी जातील, असे दुसरा म्हणाला. मतदान झाले 50 टक्क्यांच्या आसपास. अर्धे आले, अर्धे नाही. दोन्ही अंदाज खरे निघाले.

निकालानंतर धंगेकर बापटांच्या घरी गेले. ज्याने आपल्याला दोनदा हरवले त्या माणसाकडे, पहिल्यांदा जिंकून. ही भेट मला साऱ्या निवडणुकीतला सर्वांत चांगला प्रसंग वाटतो, आणि पुण्याच्या राजकारणात अजून काही शिल्लक आहे याचा पुरावाही. चार आठवडेही झाले नाहीत, 29 मार्चला बापट गेले.

त्यांच्या जागेवर लोकसभेची पोटनिवडणूक झालीच नाही. महिने गेले. डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक तातडीने घ्या म्हणून सांगितले, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुण्याला वर्षभराहून अधिक काळ खासदारच नव्हता. कसब्याने एका पोटनिवडणुकीत जे केले त्यानंतर दुसरी घ्यायला कोणाला हौस होती, असे त्या काळात कट्ट्यांवर बोलले जायचे. त्याला पुरावा नाही. पण नागरिक म्हणून मला त्या रिकाम्या खुर्चीचा राग आजही येतो.

2024 च्या लोकसभेला काँग्रेसने धंगेकरांनाच उभे केले. मुरलीधर मोहोळ सव्वा लाखाच्या आसपास मतांनी जिंकले. धंगेकरांचे काळीज दुखावणारी गोष्ट त्या आकड्यात नव्हती. ते खुद्द कसब्यात मागे पडले होते. नोव्हेंबरात विधानसभेला पुन्हा रासने-धंगेकर. या वेळी बंड काँग्रेसच्या बाजूला: माजी महापौर कमल व्यवहारे अपक्ष उभ्या राहिल्या. त्यांना मते फारशी नाही मिळाली, पण घरातली भांडी रस्त्यावर वाजली. रासने 19 हजारांहून अधिक मतांनी जिंकले. पोटनिवडणुकीतला पराभव पचवून त्यांनी त्याच गल्ल्यांतून पुन्हा फेऱ्या मारल्या होत्या, हे मी पाहिले आहे आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. बापट नेमके हेच करून आमदार झाले होते. मार्च 2025 मध्ये धंगेकर एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेत गेले. राजकारणाची सुरुवात त्यांनी शिवसेनेतच केली होती. त्यामुळे रासने आणि धंगेकर एकाच युतीच्या दोन पक्षांत आले.

2024 च्या त्या नोव्हेंबरातली, 20 तारखेची दुपार. एका शाळेबाहेरच्या टेबलावर मी उभा होतो. धायरीहून रिक्षाने आलेल्या एक आजी यादीत नाव शोधत होत्या. स्लिपवर पत्ता होता तो पाडलेल्या वाड्याचा. टेबलावरचा पोरगा म्हणाला, "आजी, हा वाडा तर आता नाहीच." आजी म्हणाल्या, "वाडा नसू दे रे. मी आहे ना." त्याने घाईने अनुक्रमांक लिहून दिला. मत देऊन त्या बाहेर आल्या, बोटावरची शाई अजून ओली. मी सवयीने विचारले, आजी, कोणाला? त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले, रिक्षावाल्याला थांब म्हणून खूण केली आणि म्हणाल्या, "अण्णा जोशी दिल्लीला गेले तेव्हाही तुझ्यासारखाच एक पोरगा विचारत होता. त्याला तरी कुठं सांगितलं होतं?"